उलट्या प्रोजेक्टरचे एकसष्ट तास

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे. एका शाळेत, नववी ब च्या वर्गात, छताला मी उलटा टांगलेला आहे.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. छतावरचे प्रोजेक्टर उलटेच टांगतात. आमच्या पोटात एक सोय असते, तिच्यामुळे चित्र मात्र पडद्यावर सुलट पडते. तुम्हाला सगळे सुलट दिसावे म्हणून आम्ही उलटे लटकायचे, असा हा साधा सरळ कारभार आहे. वटवाघळेही तेच करतात, पण त्यांच्याकडून कुणी ज्वालामुखी दाखवण्याची अपेक्षा ठेवत नाही. ज्वालामुखीचे नंतर सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढरे कपडे घातलेल्या एका ताईंनी माझ्या डोळ्याला भिंग बसवले आणि मी चालतो का ते पाहण्यासाठी भिंतीवर एक पोपट दाखवला. पोपट दिसला. ताई म्हणाल्या, "झालं." आणि मला खोक्यात घातले. माझे सगळे शिक्षण एवढेच. तरीही मला शाळेत नोकरी लागली.

शाळेत आल्या दिवशी माझे फार कौतुक झाले. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सर्वांना सांगितले, "नवीन वस्तू आहे, जपून वापरायची." हे वाक्य ऐकून मी खूश झालो होतो. पुढे कळले की शाळेत या वाक्यातला 'जपून' हा शब्द सगळे लक्षात ठेवतात आणि 'वापरायची' हा शब्द पहिल्या आठवड्यातच विसरतात.

मला जपण्याची पद्धत अशी होती. माझ्या अंगावरचे प्लॅस्टिक कुणी काढलेच नाही. भिंगापुरते तेवढे कात्रीने गोल कापले. माझा रिमोट मोठ्या बाईंच्या खोलीतल्या कपाटात असे. कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे असे. रिमोट हवा असेल तर वहीत नाव, वर्ग, विषय आणि 'कारण' लिहून सही करायची. कारणाच्या रकान्यात 'शिकवणे' लिहिले की मामा विचारत, "म्हणजे नक्की काय करणार?" एवढे होईपर्यंत तास संपायला आलेला असे.

आणि रिमोटमध्ये सेल नसत. सेल राहिले की गळतात, म्हणून ते काढून ठेवायचे; आणि काढून ठेवले की हरवतात, म्हणून ते घड्याळांत ठेवायचे, असे ठरले होते. एक सेल मोठ्या बाईंच्या खोलीतल्या घड्याळात आणि दुसरा व्हरांड्यातल्या घड्याळात. मामा घंटा देत ते व्हरांड्यातले घड्याळ बघून. थोडक्यात, मित्रांनो, मी चालू झालो की शाळेतली वेळ बंद पडत असे. एवढा मान फार थोड्या यंत्रांना मिळतो.

माझ्या पोटात एक आकडा असतो. दिवा किती तास जळला, हे तो सांगतो. मी आठ वर्षांचा झालो तेव्हा तो आकडा एकसष्ट होता. माझे वय आठ वर्षे, पण आयुष्य एकसष्ट तास. त्यातले दोन तास एका निरोप समारंभातल्या फोटोंचे. चाळीस तास म्हणजे, पहिल्याच वर्षी एका शनिवारी दुपारी दोन वाजता सगळे मला बंद करायला विसरले आणि सोमवारी सकाळी सहापर्यंत मी रिकाम्या बाकांना कोरा निळा पडदा दाखवत राहिलो. बाकांनी शांतपणे पाहिले. सोमवारी घड्याळात अजून शनिवारचे दोनच वाजलेले होते, त्यामुळे मामांनी पहिली घंटा शाळा सुटल्याची दिली. मुले घरीही गेली होती.

उरलेले एकोणीस तास ज्वालामुखीचे.

त्याचे असे झाले. भूगोलाच्या बाईंच्या भाच्याने त्यांना एकदा ज्वालामुखीवर चित्रांचा पाठ तयार करून दिला. शाळेत माझ्यासाठी असलेला तो एकमेव पाठ. त्यामुळे तपासणीला साहेब आले की जो वर्ग सापडेल त्याला इथे आणून ज्वालामुखी दाखवत. पाचवीपासून दहावीपर्यंत प्रत्येक मुलाने तो किमान तीनदा पाहिला होता. अठ्ठावीस वेळा तो डोंगर माझ्या डोळ्यातून फुटला. भूगोलाच्या बाई एकदा वैतागून म्हणाल्या, "बावीस वर्षं मी नद्या शिकवते. अन् बाजारात लोक मला ज्वालामुखीवाल्या बाई म्हणतात."

एरवीच्या दिवसांत मी नुसता लटकून वर्ग बघत असे. सगळ्यात जास्त पाहिले ते गणिताच्या सरांना. त्यांना मुले प्रमेय सर म्हणत. एकोणतीस वर्षे खडू हातात धरून त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे कायमची पांढरी झाली होती. ते हातानेच असे वर्तुळ काढत की कंपासपेटीला लाज वाटावी. मला ते 'तो वरचा' म्हणत. पडदा फळ्यावरच टांगलेला होता; त्यामुळे पडदा खाली असला की फळा झाकला जाई. त्याबद्दल त्यांचा माझ्यावर राग होता आणि तो मला मान्य होता. त्यांच्या खडूची धूळ आठ वर्षे माझ्या जाळीत शिरत होती. त्याबद्दल माझाही थोडा होता.

नववी ब मध्ये पहिल्या बाकावर एक मुलगी होती. सगळ्यांत बुटकी, म्हणून तिला टिंब म्हणत. वर्षाच्या सुरुवातीला सरांनी तिला फळ्यावर बोलावले होते. तिचा हात आकृतीपर्यंत पोचेना, तिने स्टूल ओढले, स्टूल डगमगले आणि वर्ग हसला. त्यानंतर ती फळ्यापाशी कधी आली नाही. गणितात वीसपैकी दोन गुण मिळाले तरी तिने 'कळलं नाही' म्हटले नाही. सरांनीही पुन्हा बोलावले नाही. ते रोज तिच्या बाकाजवळून जाताना नुसते थांबत, वहीत बघत आणि पुढे जात. चार महिने हे चालले. मग एके दिवशी तिने मान वर न करता विचारले, "सर, हे असंच का?" सरांनी फळ्याकडे तोंड केले आणि बराच वेळ नाक पुसले. खडूची धूळ, असे ते म्हणाले.

अशा दिवसांत ती सभा झाली. शिक्षकांच्या सभा याच वर्गात होतात, कारण इथला पंखा फिरतो. मोठ्या बाईंनी एक छापील कागद वाटला. वर लिहिले होते: 'आधुनिक अध्यापन पद्धती व वर्गातील तंत्रज्ञान: शिक्षकांची मते.' खाली पर्याय होते. (अ) उपयुक्त. (ब) अतिशय उपयुक्त.

"तिसरा पर्याय?" प्रमेय सरांनी विचारले.

"तिसरं मत असेल तर ब वर खूण करा," मोठ्या बाई म्हणाल्या.

व्यायामाच्या सरांनी मैदानावर प्लग नाही, असे मत दिले. भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "मला काहीही द्या, फक्त त्यात नदी असू दे." मग विज्ञानाचे नवे सर उठले. यांना सगळे क्लिक सर म्हणत. दुसरेच वर्ष होते, उत्साह भरपूर होता आणि खिशात नेहमी दोन पेनड्राइव्ह असत.

"सर, त्रिकोण फिरवून दाखवता येतो," ते प्रमेय सरांना म्हणाले. "रंगीत. मुलांना पटकन दिसतं."

"दिसतं ना, तेच तर," प्रमेय सर म्हणाले. "मी त्रिकोण काढतो तेव्हा पोरं माझ्याबरोबर काढतात. तुमचा आधीच काढलेला असतो. त्यांनी काय करायचं, बघत बसायचं?"

"पण तुम्ही काढता तेव्हा मुलांकडे पाठ असते, सर. मी सगळा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघतो. कुणाला कळलं नाही ते लगेच समजतं."

प्रमेय सर पहिल्या बाकाकडे बघत होते. बाक रिकामा होता, पण कुणाचा ते मला माहीत होते. दोघांचेही म्हणणे खरे होते. वरून बघणाऱ्याची हीच अडचण असते, कुणाची बाजू घेता येत नाही.

शेवटी मोठ्या बाई म्हणाल्या, "हे बघा सर, मलाही वरून विचारतात. पुढच्या मंगळवारी साहेब येतायत. या वेळी गणिताचा पाठ बघणार आहेत, आणि प्रोजेक्टरवर. तुम्हाला जमणार नसेल तर नववी ब क्लिक सरांकडे देते, गणिताची पदवी आहे त्यांची. तुम्ही पुस्तकांच्या खोलीचं बघा. काम हलकं आहे."

"वर्ष संपेपर्यंत तरी ठेवा माझ्याकडे," सर म्हणाले. "पोरगी आत्ता कुठे तोंड उघडायला लागलीय. मधेच माणूस बदलला तर परत मिटेल ती."

"मग मंगळवारी पाठ घ्या."

सरांनी तो मतांचा कागद कोराच घडी करून खिशात ठेवला.

सोमवारी शाळा सुटल्यावर सर सरावाला आले. वहीत त्यांनी 'कारण' या रकान्यात लिहिले, 'नाइलाज'. मामांनी त्यावर काही विचारले नाही. शिकवायला क्लिक सर थांबले होते. त्यांनी सरांसाठी एक आकृती करून आणली होती. डोळ्यांना त्रास नको म्हणून काळ्या रंगावर पिवळ्या रेषा.

"सर, हे बटण दोनदा दाबा."

"का? एकदा सांगून ऐकत नाही का तो?"

"मग एकदा, पण जोरात."

सरांनी रिमोट दोन्ही हातांनी धरून माझ्याकडे रोखला. चाळीस मिनिटांत त्यांना आकृती दाखवणे, मोठी करणे आणि बंद करणे जमू लागले. क्लिक सर समाधानाने घरी गेले. सर मात्र आणखी थोडे थांबले आणि तिथेच घात झाला. बंद करायचे बटण शोधताना त्यांनी भलतेच दाबले. पडद्यावर मी विचारले, 'सगळे बदल रद्द करून मूळ स्थितीत जायचे आहे का?'

आता, सर शिस्तीचे माणूस. कुणी प्रश्न विचारला तर उत्तर द्यायचे, हे त्यांनी एकोणतीस वर्षे मुलांना शिकवले होते. त्यांनी विचार केला. मूळ स्थिती वाईट असण्याचे काही कारण त्यांना दिसले नाही. त्यांनी 'होय' दाबले. मी बंद झालो.

मित्रांनो, माझी मूळ स्थिती म्हणजे टेबलावर बसलेल्या प्रोजेक्टरची. छताला टांगल्यावर चित्र सुलट करणारी जी सोय, ती त्या 'होय'बरोबर गेली. हे मला कळत होते. पण प्रोजेक्टरला विचारल्याशिवाय बोलता येत नाही, आणि मला कुणी विचारले नाही.

मंगळवारी साहेब आले. शेवटच्या बाकावर साहेब, शेजारी मोठ्या बाई, त्यांच्या पलीकडे क्लिक सर. मामांनी दोन्ही घड्याळांतले सेल काढून रिमोटमध्ये घातले आणि तो ताटात वाढल्यासारखा सरांपुढे धरला.

साहेबांनी हळूच विचारले, "ज्वालामुखी का?"

"नाही साहेब, त्रिकोण," मोठ्या बाई म्हणाल्या.

"बरं झालं," साहेब म्हणाले, आणि खुर्चीत पहिल्यांदा नीट टेकून बसले.

सरांनी बटण दाबले, एकदा, पण जोरात. पडद्यावर त्रिकोण आला. पाया वर, टोक खाली. अ, ब आणि क ही अक्षरे डोक्यावर उभी होती.

मागून खसखस पिकली. क्लिक सर धावत आले, त्यांनी रिमोट घेतला; पण सूचनाही उलट्याच दिसत होत्या. त्या वाचण्यासाठी ते कमरेत वाकले, मग आणखी वाकले आणि शेवटी पायांच्या मधून बघू लागले. मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. सर फळ्यापाशी उभे होते. पांढरी दोन बोटे एकमेकांवर घासत होती. त्यांच्या डोळ्यांसमोर पुस्तकांची खोली असावी, असे मला वाटले.

एवढ्यात पहिल्या बाकावरून आवाज आला. "सर, उलटा केला तरी तिन्ही कोन मिळून तेवढेच होणार ना?"

टिंबने मान तिरकी केली होती. तिचे बघून शेजारणीने केली. मग बाकाबाकाने अख्ख्या वर्गाने माना वाकड्या केल्या. साहेबांनीसुद्धा. मित्रांनो, आठ वर्षे मी ज्या बाजूने जग बघत होतो, त्या बाजूने बघणारी माणसे मला पहिल्यांदा भेटली.

सर म्हणाले, "राहू द्या, क्लिक सर. बसा." मग तिला म्हणाले, "तेवढेच कशावरून?"

"काल तुम्ही सांगितलं होतं. टोकातून पायाला समांतर रेघ काढायची."

"मग काढ."

ती उठली खरी, पण पडद्यापाशी येऊन अडखळली. पडद्यावर खडू चालत नाही, हे शाळेत सगळ्यांना पाठ होते. दारातून मामांनीही आठवण केली, "पडद्याला हात नाही लावायचा हं." सरांनी पडद्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि पडद्याची दोरी ओढली. पडदा सरकन वर गुंडाळला गेला. मागे काळा फळा होता. माझा पिवळा त्रिकोण सरळ फळ्यावर पडला.

सरांनी तिच्या हातात खडू दिला.

सुलट त्रिकोणाचे टोक फळ्याच्या अगदी वर असते. तिथे तिचा हात कधीच पोचला नसता. पण माझा त्रिकोण उलटा होता, आणि त्याचे टोक खाली, बरोबर तिच्या खांद्याशी आले होते. स्टूल लागले नाही. तिने माझ्या उजेडातून, टोकाला लावून, एक आडवी पांढरी रेघ ओढली. पहिली थोडी वाकडी गेली. ती तिने स्वतःच पुसली आणि दुसरी ओढली.

"हा कोन वरच्या या कोनाएवढा," ती म्हणाली. "हा त्या कोनाएवढा. हा मधला इथलाच. तिघं मिळून सरळ रेघ. म्हणजे एकशे ऐंशी." मग थोडे थांबून म्हणाली, "उलटा असला तरी."

कुणी हसले नाही. सर फळ्याजवळ नव्हते. ते बाकांच्या बाजूला उभे राहून सगळा वेळ मुलांच्या तोंडाकडे बघत होते, आणि क्लिक सर त्यांच्याकडे.

मग दुसऱ्यांना प्रश्न पडले. बाजू वाढवली तर? एक कोन काटकोन केला तर? एकेक जण येऊन माझ्या उजेडावर खडूने काढू लागला आणि जाताना आपले पुसून जाऊ लागला; टिंबच्या रेघेला मात्र कुणी हात लावला नाही. कुणालाच वेळेचे भान नव्हते, आणि ते येण्याची सोयही नव्हती. व्हरांड्यातल्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटे झाली होती आणि ती बराच वेळ होत राहिली. मामा घड्याळाखाली हात बांधून उभे होते. पुढचा तास भूगोलाच्या बाईंचा होता. त्या दारापर्यंत आल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मागे बसून त्यांनीही मान वाकडी केली.

माझे मात्र आत बरे चालले नव्हते. अंगावर प्लॅस्टिक, जाळीत आठ वर्षांची धूळ. तासाभराने माझा लाल दिवा लुकलुकू लागला. मी जमेल तेवढा श्वास धरला. टिंब पुन्हा उठून फळ्यापाशी आली होती, तिचे होईपर्यंत थांबायचे असे मी ठरवले होते. तिची शेवटची खूण झाली आणि मी विझलो.

त्रिकोण नाहीसा झाला. फळ्यावर फक्त तिची आडवी रेघ आणि तिच्यावर तीन छोट्या कमानी उरल्या.

साहेब उठून पुढे आले. "बाकीचा त्रिकोण कुठे गेला?"

"आहे तिथेच, साहेब," टिंब म्हणाली. "दिसत नाही एवढंच." आणि तिने टोकापासून वर दोन तिरक्या रेघा काढायला सुरुवात केली. हात पोचला तिथपर्यंत तिने काढल्या. तिथून वर सरांनी नेल्या आणि पाया जोडला.

साहेबांच्या शेऱ्याच्या वहीत त्या दिवशी दोन वाक्ये लिहिली गेली. 'पाठ उत्तम. शाळेचे घड्याळ तेवढे दुरुस्त करून घ्यावे.'

नववी ब सरांकडेच राहिली. क्लिक सरांनी माझे प्लॅस्टिक फाडून काढले, जाळी खाली उतरवून मामांकडून झटकून घेतली, आणि रिमोटला स्वतःचे दोन सेल मिळाले. प्रमेय सरांनी खिशातला मतांचा तो कागद काढून त्यावर हाताने तिसरा पर्याय लिहिला: '(क) उलटे असले तरी चालेल. मुलांचा हात पोचला पाहिजे.' आणि त्याच्यावर खूण केली. मोठ्या बाईंनी तो वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि तसाच पुढे पाठवला.

माझा आकडा आता तीनशे बारा आहे. त्यात नद्याही आहेत. क्लिक सरांनी माझी ती सोय पुन्हा लावून दिली, तरी प्रमेय सर अधूनमधून त्यांना सांगत, "आज जरा उलटा करा त्याला." यंदा टिंब दहावीत गेली. परवा ती वही द्यायला वर्गात आली होती. सरांनी फळ्यावर काढलेल्या आकृतीत एक अक्षर राहिले होते. तिने जाता जाता टाचा उंचावल्या आणि ते टोकाशी लिहून टाकले. त्या दिवसापासून सरांनी मला उलटे करायला सांगितलेले नाही. थोडे चुकल्यासारखे वाटते, पण ठीक आहे.

मित्रांनो, पुढच्या महिन्यात माझ्या जागी काचेचा एक मोठा फळा येणार आहे. त्यावर बोटाने लिहिता येते, असे ऐकतो. तो खोक्यातून कालच आला आणि सध्या मोठ्या बाईंच्या खोलीत भिंतीला टेकून उभा आहे. त्याच्या अंगावर प्लॅस्टिक आहे. मामा सकाळी त्याच्याजवळ उभे राहून कुणाला तरी म्हणत होते, "नवीन वस्तू आहे, जपून."

माझे एवढेच मागणे आहे. त्याला छान जपा. पण आधी त्याचे प्लॅस्टिक काढा, आणि तो भिंतीवर लावताना वर्गातल्या सगळ्यांत बुटक्या मुलाला शेजारी उभे करून मग खिळा ठोका.